काय गेले ते सांगा

अ‍ॅपची नवी आवृत्ती निघाली की तिच्यासोबत चार ओळींचा मजकूर जातो. गूगलच्या प्ले स्टोअरवर त्याला प्रत्येक भाषेत ५०० अक्षरांची जागा असते, अ‍ॅपलकडे ४,००० अक्षरांची. त्या पाचशेत मराठीचे फार हाल होतात. यंत्र काना, मात्रा, वेलांटी, उकार सगळे वेगवेगळे मोजते, त्यामुळे ‘दुरुस्ती’ एवढे लिहिले की आठ अक्षरे खर्ची पडतात. हा मजकूर लिहिणे हे माझ्या नोकरीतले एक काम आहे. आमचे ऑफिस पुण्यात बाणेरला. आम्ही सहकारी पतसंस्थांसाठी अ‍ॅप बनवतो आणि बटणावरच्या शब्दापासून ‘नवीन काय’ या चौकटीपर्यंतचे सगळे मराठी माझ्याकडे असते. शिक्षणाने मी तत्त्वज्ञानाची. एम.ए.ला न्याय-वैशेषिक घेतले तेव्हा याच्यावर पोट भरेल असे घरात कुणालाच वाटले नव्हते. पोट त्याच्यावर भरत नाहीच, पण कामात अडले की मी अजून त्याच पुस्तकांकडे जाते.

अडते ते एका प्रश्नापाशी. लोकांच्या रोजच्या वापरातली वस्तू आपण बदलतो, तेव्हा त्यांना काय सांगण्याचे देणे आपण लागतो? बदल चांगला असेल तरी सांगायचा का? त्यांच्या लक्षातही येणार नसेल तर? आमच्या धंद्याने यावर एक ठरलेले वाक्य काढले आहे : ‘किरकोळ दुरुस्त्या आणि कार्यक्षमतेत सुधारणा’. आठवड्याला एक आवृत्ती काढणाऱ्या मोठ्या कंपन्या महिनोन्‌महिने हेच वाक्य चिकटवतात. ते खोटे नसते. त्यातून कळत मात्र काहीच नाही.

आमच्या एका पतसंस्थेच्या अ‍ॅपमध्ये पहिल्याच पडद्यावर, शिल्लक रकमेच्या खाली, शेवटच्या दहा व्यवहारांची यादी दिसायची. नव्या रचनेत ती काढली. त्या जागी कर्जाची जाहिरात आली, आणि व्यवहार बघायचे तर ‘खाते उतारा’ उघडून, तारखा निवडून, पीडीएफ उतरवायची अशी सोय झाली. मी मजकूर लिहिला तेव्हा पहिली ओळ टाकली : ‘पहिल्या पडद्यावरची दहा व्यवहारांची यादी काढली आहे. व्यवहार आता खाते उताऱ्यात दिसतील.’ आमचा प्रॉडक्टवाला वयाने माझ्याहून लहान आणि हुशार आहे. तो म्हणाला, “ताई, काढलं ते कशाला सांगायचं? नवीन काय आलं ते सांगू. काढलं म्हटलं की लोक तेवढंच धरून बसतात. आठ दिवसांत सवय होते.” ओळ गेली. ‘नवे, आकर्षक रूप’ असे छापून आले.

नंतर फलटणकडच्या एका ठेवीदारांचा फोन मदत कक्षात आला. असे फोन मी ऐकते, कारण लोक कोणत्या शब्दाने काय मागतात ते तिथे समजते. हे आजोबा दूध घालणारे. दर दहा दिवसांनी बिल खात्यात जमा झाले की ते त्या यादीत बघायचे. “ते खाली दिसायचं ते कुठं गेलं?” पलीकडच्या मुलीने विचारले, “काय दिसायचं, काका?” “अगं ते, दहा ओळींचं.” तिला समजेना. त्यांना सांगता येईना, कारण त्या यादीचे नाव त्यांना कधी लागलेच नव्हते. ती असायची, एवढेच. शेवटी तिने अ‍ॅप काढून पुन्हा टाकायला सांगितले. त्यांनी ते केलेही असेल. यादी परत येण्याचा प्रश्नच नव्हता.

तो फोन ऐकून मला एम.ए.चा एक तास आठवला. तर्कसंग्रह हा ग्रंथ शिकवताना आमच्या बाईंनी वर्गात एकदा विचारले होते, “या टेबलावर काय काय नाही?” आम्हाला वाटले, सोपे आहे. हत्ती नाही, समुद्र नाही, ताजमहाल नाही. बाईंनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, “आणि डस्टर नाही.” तेवढ्यात दोघी-तिघींनी मान वळवून डस्टर शोधलेसुद्धा. हत्तीसाठी कुणी मान वळवली नव्हती.

वैशेषिकांनी जगातल्या वस्तूंचे वर्ग पाडले तेव्हा द्रव्य, गुण, कर्म, सामान्य, विशेष आणि समवाय असे सहा पदार्थ धरले. पुढच्या आचार्यांनी त्यांत सातवा घातला, तो अभाव. अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रहात हे सातही येतात आणि अभावाचे चार प्रकार येतात. वस्तू निर्माण होण्यापूर्वी तिचे नसणे हा प्रागभाव. ती मोडल्यानंतरचे नसणे हा प्रध्वंसाभाव. कधीच नसणे हा अत्यंताभाव. आणि एक वस्तू म्हणजे दुसरी नव्हे, हा अन्योन्याभाव. ‘नसणे’ ही खरीच गोष्ट आहे की मनाचा खेळ, यावर नैयायिक आणि प्राभाकर मीमांसक शतकानुशतके भांडले. त्या वादात मी पडत नाही. मला त्यातली एकच अट घ्यायची आहे. न्यायशास्त्रात नुसता ‘अभाव’ असे कुणाला म्हणता येत नाही. कशाचा अभाव, ते सांगावे लागते. ज्याचा अभाव, तो त्या अभावाचा प्रतियोगी. घट नाही, असे म्हटले तर घट हा प्रतियोगी. प्रतियोगीचे ज्ञान नसेल तर अभावाचेही ज्ञान होत नाही.

ही अट आमच्या धंद्याच्या लाडक्या वाक्याला लावून पाहा. ‘किरकोळ दुरुस्त्या केल्या.’ म्हणजे काही दोष होते, ते आता नाहीत. कोणते दोष? सांगितलेले नाही. अभाव जाहीर केला, प्रतियोगी गिळला. परवा ज्याचे पैसे दोनदा कापले गेले, त्याला या वाक्यातून आपला दोष गेला की आहे, ते कळत नाही. फलटणच्या आजोबांची गत याच्या उलट. त्यांना अभाव डोळ्यांसमोर दिसत होता, पण प्रतियोगीचे नाव त्यांच्याजवळ नव्हते. ते नाव आमच्याजवळ होते. यादी बनवली आम्ही, काढली आम्ही, आमच्या कागदपत्रांत तिला नाव आणि क्रमांक होता. जे त्यांना नाव घेऊन मागता येत नव्हते ते नाव आम्ही ठेवून घेतले, असा त्या गप्प बसण्याचा अर्थ होतो.

आणि आमचा प्रॉडक्टवाला म्हणत होता ते नीट पाहिले तर तोही याच पदार्थाविषयी बोलत होता. जे आले ते सगळ्यांना दिसते, ज्याने आधीचे पाहिले नाही त्यालाही. जे गेले ते फक्त त्यालाच दिसते, ज्याचा हात रोज तिथे जात होता. म्हणून आलेल्याची जाहिरात करायला काही लागत नाही आणि गेलेल्याविषयी गप्प राहिले की बहुतेकांच्या बाबतीत खपून जाते. न खपणारे थोडे असतात, आणि त्या वस्तूवर सर्वांत जास्त विसंबलेले तेच असतात.

गप्प बसण्याची किंमत जगापुढे आली ती अ‍ॅपलच्या प्रकरणात. जानेवारी २०१७ मध्ये आयओएस १०.२.१ ही आवृत्ती आली. जुन्या आयफोनची बॅटरी थकली की अचानक लागणारी जास्त वीज तिला पुरवता येत नसे आणि फोन मध्येच बंद पडे. यावर अ‍ॅपलने उपाय केला तो असा, की अशा वेळी फोनचा वेग आपोआप कमी व्हावा. उपाय तांत्रिकदृष्ट्या वाजवी होता. फोन मंद होईल, हे मात्र लोकांना स्पष्ट सांगितले नव्हते. डिसेंबर २०१७ मध्ये वेग मोजणाऱ्या गीकबेंच या साधनाचे जॉन पूल यांनी मोजमापे प्रसिद्ध केली तेव्हा बोभाटा झाला. अ‍ॅपलने माफी मागितली आणि बॅटरी बदलण्याचा दर ७९ डॉलरवरून २९ डॉलरवर आणला. पुढे आयओएस ११.३ मध्ये बॅटरीची स्थिती दाखवणारा पडदा आला. फ्रान्सच्या ग्राहकसंरक्षण यंत्रणेने २०२० मध्ये २.५ कोटी युरोचा दंड लावला, तो ग्राहकांना हे न सांगितल्याबद्दल.

हेतू वाईट होता असे मी धरत नाही. क्षणभर असेच समजू, की त्यांना खरोखर फोन बंद पडू द्यायचे नव्हते. तरी काय झाले? माणसाच्या हातातला फोन मंद झाला. कारण माहीत नसल्याने त्याने स्वतःच कारण ठरवले : फोन म्हातारा झाला. कारण कळले असते तर नव्या बॅटरीवर भागले असते, त्याऐवजी काहींनी नवा फोन घेतला. वेग गेला हे नुकसान लहान. वेग का गेला हे न कळल्याने माणूस चुकीच्या प्रश्नाचे उत्तर शोधत बसला, हे मोठे. बदल लपवला की त्याचा परिणाम लपत नाही. तो बिनकारणाचा उरतो, आणि बिनकारणाचे दुःख माणूस बहुधा स्वतःच्या माथी मारून घेतो. ‘मलाच आता जमत नाही’ हे वाक्य मी मदत कक्षाच्या फोनवर साठीपुढच्या माणसांच्या तोंडून इतके ऐकले आहे, की ते आमच्याच कामाचा हिशेब असल्यासारखे वाटते.

यावर एक आक्षेप येतो आणि तो अध्यात्माच्या बाजूने येतो. सगळे अनित्य आहे. एका यादीवर जीव ठेवायचा कशाला? सवय सोडायला शिकणे हेच शहाणपण नाही का? ‘आठ दिवसांत सवय होते’ हे त्याचेच ऑफिसातले रूप. म्हणून मी ज्यांनी अनित्यतेचा विचार सर्वांत कसून केला त्यांच्याकडे गेले. ते स्वतःच्या बदलांशी कसे वागले?

बौद्ध भिक्षूंच्या विनयपिटकात प्रत्येक नियमामागे तो का करावा लागला याची हकिगत असते. नियम केला, मग अडचण आली, मग त्याला पुरवणी जोडली, आणखी अडचण आली, आणखी पुरवणी. मूळ नियमाला पाली परंपरा मूलपञ्ञत्ति म्हणते, पुरवणीला अनुपञ्ञत्ति. शेवटचा नियम तेवढा ठेवून आधीची रूपे पुसून टाकली नाहीत. अडीच हजार वर्षांपूर्वीचा कोणता नियम कोणत्या प्रसंगामुळे सैल झाला, हे आजही वाचता येते.

त्याहून बोलका प्रसंग महापरिनिर्वाणाच्या वेळचा. बुद्धांनी आपला शिष्य आनंद याला सांगितले की आपल्या पश्चात संघाला हवे असेल तर त्याने क्षुद्र आणि अनुक्षुद्र नियम रद्द करावेत. पुढे राजगृहाच्या पहिल्या संगीतीत, म्हणजे भिक्षूंच्या सभेत, आनंदाने ही गोष्ट सांगितली. स्थविरांनी विचारले, “क्षुद्र म्हणजे कोणते, हे तू भगवंतांना विचारलेस का?” आनंदाने विचारलेले नव्हते. मग मते निघाली. कुणी अमुक नियमांखेरीज बाकीचे क्षुद्र म्हणे, कुणी तमुक. अखेर महाकाश्यपांनी ठराव मांडला की एकही नियम रद्द करू नये. त्यांनी दिलेल्या कारणांत एक कारण असे होते, की आपले नियम गृहस्थांनाही ठाऊक आहेत. आज काही सोडले तर ते म्हणतील, यांचे नियम गुरूच्या चितेचा धूर विरेपर्यंतच टिकले. आनंदाला मात्र न विचारल्याचा दोष लागला.

मला यात दोन गोष्टी दिसतात. परवानगी खुद्द बुद्धांची होती, तरी कशाची ते निश्चित नव्हते म्हणून ती वापरली नाही. प्रतियोगी ठाऊक नाही, तेव्हा काढणे नाही. आणि दुसरी, की नियम पाळायचे भिक्षूंनी, पण निर्णय घेताना त्यांनी बाहेरून पाहणाऱ्या, त्या नियमांवर भरवसा ठेवणाऱ्या गृहस्थांचा विचार केला. सगळे क्षणिक आहे असे शिकवणाऱ्यांनी ‘लोकांना सवय होईल’ म्हटले नाही. अनित्यता हा जगाचा स्वभाव असेल. तो कुणाला परस्पर बदल करण्याचा परवाना देत नाही.

मराठीत याचे सर्वांत मोठे उदाहरण पैठणचे. ज्ञानेश्वरी शके १२१२ म्हणजे १२९० मध्ये नेवाशाला सांगितली गेली. पुढच्या तीन शतकांत नकला होत होत पाठ भेसळले. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ग्रंथ शुद्ध केला आणि शेवटी स्वतःच्या ओव्या जोडून तसे लिहून ठेवले. कोणत्या शकात, कोणत्या संवत्सरात, का केले, ते सगळे सांगितले. मूळ ग्रंथ अतिशुद्ध होता, पाठांतरांनी तो बिघडला, म्हणून हे काम. आणि यापुढे कुणी यात आपली ओवी घालील तर अमृताच्या ताटात नरोटी ठेवल्यासारखे होईल, अशी ताकीदही दिली. स्वतःच्या हाताची कबुली देऊन तिची तारीख घालणे, आणि तेही गुरुस्थानी मानलेल्या ग्रंथाच्या बाबतीत, हे फार मोठे आहे. मनात आणले असते तर नाथांना नुसती शुद्ध प्रत पुढे ठेवता आली असती.

तरी एक गोष्ट राहिली. बदल केला, हे नाथांनी सांगितले. कोणत्या ओव्या गाळल्या आणि कोणते शब्द बदलले याची यादी दिली नाही. त्यांच्या काळी तसा रिवाज नव्हता, आणि त्यांचे वाचक वारीला जाणारे भाविक होते, पाठचिकित्सक नव्हते. पण त्या न दिलेल्या यादीमुळे पुढे अभ्यासकांना नाथांपूर्वीच्या पोथ्या शोधत हिंडावे लागले. इतिहासाचार्य राजवाड्यांनी तशी मानलेली एक प्रत १९०९ मध्ये छापली आणि तिच्यावर वाद झाले. नाथांविषयीच्या आदरात यामुळे तसूभर उणे येत नाही. उलट इतक्या सचोटीच्या माणसाच्या हातूनही ‘काय गेले’ हा रकाना कोरा राहतो, म्हणजे तो भरणे किती अवघड असेल हे समजते. जुने पुसणाऱ्याच्या दृष्टीने ते अशुद्धच असते. अशुद्धाची यादी कोण ठेवतो? आमच्याकडेही काढलेल्या यादीला ‘जुना कचरा’ म्हणतात.

सांगण्याच्या बाजूने एवढे बोलल्यावर सांगण्याचा अतिरेकही मान्य करायला हवा. वाण्याच्या दुकानात पैसे द्यायला फोन उघडावा आणि समोर रंगीत पडद्यांची माळ यावी : हे नवे, ते नवे, पुढे, पुढे, समजले. कुणी वाचत नाही. पूर्वी अपडेट आपण स्वतः दाबायचो आणि मजकूर तिथेच समोर असायचा. २०१३ मध्ये आयओएस ७ बरोबर आयफोनवर अ‍ॅप आपोआप अद्ययावत होऊ लागली. अशा अपडेटमध्ये स्टोअरवरचा मजकूर कुणाच्या नजरेसही पडत नाही. म्हणून अ‍ॅपच्या आत सांगणे आले. त्याची रीत सोपी आहे. शेवटी कोणती आवृत्ती उघडली होती ते अ‍ॅप लक्षात ठेवते, नव्या आकड्याशी ताडून बघते, फरक असेल तर चौकट दाखवते. अ‍ॅप प्रथमच टाकणाऱ्याला ती दाखवायची नसते, कारण त्याच्यापाशी मागले काही नाही, तेव्हा त्याचे काही गेलेलेही नाही. मधल्या चार आवृत्त्या चुकलेल्याला चारही आवृत्त्यांतले जे जे गेले ते एकत्र सांगावे लागते. इथे बहुतेक जण चुकतात.

वाक्याचा अर्थ कळायला शब्दांमध्ये आकांक्षा, योग्यता आणि सन्निधी हवी, असे नैयायिक म्हणतात. हे वाक्यातल्या शब्दांपुरते आहे, पण मी ते सूचनेलाही लावते. यादी गेल्याची सूचना यादीच्या जागीच हवी, ही सन्निधी. माणूस यादी शोधायला जाईल तेव्हा सूचना दिसावी, ही आकांक्षा. आणि ‘तुमचा अनुभव समृद्ध केला आहे’ असल्या शब्दांना त्याच्या दूधबिलाशी जोडण्याची योग्यता नाही. त्या जागी दोन ओळी पुरतात : इथली यादी काढली, व्यवहार आता अमुक ठिकाणी आहेत.

सांगणारा कोण असावा, याचेही उत्तर जुनेच आहे. वात्स्यायनाने न्यायभाष्यात आप्ताची, म्हणजे ज्याच्या शब्दावर विसंबावे अशा माणसाची, तीन लक्षणे दिली आहेत. त्याला वस्तूचे प्रत्यक्ष ज्ञान असावे, प्राण्यांविषयी दया असावी, आणि जसे आहे तसे सांगण्याची इच्छा असावी. यातले पहिलेच आमच्याकडे वांध्यात येते. मजकूर लिहिणाऱ्याच्या हाती टिकीट, म्हणजे कामाची नोंद, पडते, वस्तू नाही. म्हणून मी आता चाचणीची आवृत्ती माझ्या फोनवर घेतल्याशिवाय, आणि जुनी शेजारच्या फोनवर उघडी ठेवल्याशिवाय एक ओळ लिहीत नाही. मसुद्याला मी तीन रकाने ठेवते : आले, गेले, तसेच राहिले. ही वाटणी मी जैनांकडून घेतली. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात अस्तित्वाची व्याख्याच अशी आहे, की जे आहे त्यात उत्पत्ती, नाश आणि स्थैर्य तिन्ही एकत्र असतात. तिसरा रकाना आधी मला फालतू वाटायचा. पण ‘तुमची ठेव, व्याजदर, पिन यांत बदल नाही’ एवढे लिहिले की मदत कक्षाचे निम्मे घाबरे फोन येणार नाहीत, हे तिथल्या मुली मला शपथेवर सांगतात.

मधला रकाना अजून दर वेळी भांडून भरावा लागतो. आमचा प्रॉडक्टवाला परवा म्हणाला, “ताई, गेलं ते इतकं ठळक सांगितलं आणि माणूस अ‍ॅपच सोडून गेला तर?” प्रश्न रास्त आहे, पगार त्यावरच चालतो. मी म्हटले, जाईल. तक्रार करील, संस्थेच्या वार्षिक सभेत उठून बोलेल, शाखेत जाऊन छापील पासबुक मागेल किंवा दुसरीकडे ठेव नेईल. यातले काहीही करायला आपले काय गेले ते त्याला आधी कळायला हवे. ते न सांगता तो टिकला, तर तो समाधानी आहे की नुसता गोंधळलेला, हे आपल्याला आकडेवारीतून कधी कळणार नाही, आणि आपण मात्र त्याला समाधानी धरून पुढची यादी काढू. तो म्हणाला, “बघू.” या आवृत्तीत ओळ राहिली आहे.